इडलीपात्रातले स्क्रू

अमळनेरच्या बसस्टँडसमोर
माझं टेबल दोन वितींचं.
त्यावर दोन फोन पालथे, पाठी उघड्या,
एक सफरचंदाचा, एक हिरव्या रोबोचा.
काउंटरपलीकडे दोघांचे मालक
हमरीतुमरीवर.

भूपेंद्र म्हणतो, बघ,
घड्याळ, हवामान, कॅलेंडर,
पडद्यावर हवं तिथे मांडता येतं आता.
गुणवंत हसतो :
हाई तं आमनाकडे कवयनंच शे, भो!
मग भूपेंद्र विचारतो,
आणि खालून वर बोट सरकवून घरी जायचं
तुला कुणी शिकवलं?
तुझी ती तीन बटणं कुठे गेली?
गुणवंत चहा मागवतो.

मी मान वर करत नाही.
चिमट्यात एक स्क्रू आहे, अर्ध्या तिळाएवढा,
शिंकलो तर संपलं.
कॉपी-पेस्टसुद्धा
एकाकडे आधी होतं, दुसऱ्याकडे मागाहून आलं,
हे आत्ता सांगितलं
तर चहा गार होईल.

खरं तर मला बोलायचं आहे
रस्त्यापलीकडच्या त्या शटरबद्दल.
तीन महिने बंद. कुलपावर धूळ.

इद्रिस आणि मी अकरा वर्षं समोरासमोर.
त्याने बोर्ड लावला, ‘दहा मिनिटांत डिस्प्ले’.
मी लावला, ‘नऊ मिनिटांत’.
दोन्ही खोटे.
त्याच्याकडे मेलेला फोन माझ्याकडे जगायचा,
माझ्याकडे मेलेला त्याच्याकडे,
आणि गिऱ्हाईक दोघांनाही शिव्या द्यायचं.

एका मे महिन्यात
त्याच्या पत्र्यावर फोन वाळत घातलेले दिसले,
कुरडयांसारखे, टॉवेलवर ओळीने.
मी शेजाऱ्याला बोलावून दाखवलं, हसलो.
मग कळलं :
पंचेचाळीसच्या उन्हात गोंद आपसूक सुटतो.
सात मिनिटं. आठवं नाही,
आठव्याला बॅटरी फुगते.
दुसऱ्या दुपारी माझ्याही पत्र्यावर टॉवेल.
त्याने वर बघितलं,
आणि गल्ल्यातले पैसे पुन्हा मोजायला घेतले.

पंधरा दिवसांनी
त्याच्या काउंटरवर इडलीपात्र.

इडलीपात्र माझं.
म्हणजे बायकोचं, पण डोकं माझं :
एकेका खळग्यात एकेका थराचे स्क्रू,
उघडताना जसा क्रम, बंद करताना उलटा.
त्याने वर खळग्यांना नंबर घातले,
लाल नेलपॉलिशने.
मला राग आला. फार राग आला.
रात्री घरी नेलपॉलिश शोधलं,
सापडलं ते गुलाबी.

सुरतेला पोराकडे निघाला तेव्हा आला होता.
म्हणाला, लोटनभाऊ,
कधी काही घेतलं असेल तुझ्याकडून
तर मनात ठेवू नको.
मी म्हणालो, छे, तू काय घेतलंस माझं.
दोघंही बघत होतो
टेबलावरच्या गुलाबी आकड्यांकडे.

तेव्हापासून दुकान बरं चालतं.
गिऱ्हाईक दुप्पट, वाद नाही, भाव माझा.
आणि तीन महिन्यांत
एक नवी गोष्ट सुचलेली नाही.
बोर्डावर अजून नऊच मिनिटं.
आठ करायची तर
कुणाच्या नाकावर टिच्चून करायची?

आज चहा येतो, आणि फोन थरथरतो.
सुरतेहून फोटो. इद्रिसचं नवं दुकान.
बोर्डाचा रंग केळीच्या कोवळ्या पानाचा,
माझ्याच बोर्डाचा, तंतोतंत.
काउंटरवर इडलीपात्र, नवंकोरं, मोठं.
खाली एवढंच लिहिलंय : कैसा है?

मी दोन बोटांनी फोटो ताणतो.
आणखी ताणतो.
त्याच्या पाठीमागे, भिंतीलगत,
लाकडी दांड्यांचं काहीतरी आहे,
त्यावर चार्जरच्या वायरी, रंगारंगाने,
एकही गुंता नाही.
बांगड्यांचा स्टँड!
अरे लबाडा.

चिमट्यातला स्क्रू तिसऱ्या खळग्यात सोडतो.
बाहेर ते दोघं अजून भांडताहेत,
आधी कुणाचं, आधी कुणाचं.

गुणवंत, ते राहू दे जरा.
कासाराचं दुकान
किती वाजेपर्यंत उघडं असतं?